बोंडअळी आणि उत्तरपत्रिका

‘नैसर्गिक निवड म्हणजे काय?’ असा प्रश्न पदवी परीक्षेत आला की जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थी डार्विनचे नाव, जिराफाची मान आणि चार पाठ मुद्दे लिहून मोकळा होतो. त्यालाच ‘बीटी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पुन्हा का आली?’ असे विचारावे; उत्तर बहुधा मिळते, ‘अळीला विषाची सवय झाली.’ राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा पाठ आहे. तेव्हा विषय शिकविलाच गेला नाही, अशी सबब येथे चालणार नाही.

सवय कोणत्याच अळीला झालेली नाही. बीटी वाणांना 2002 साली परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचे वाण आले. विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या तगल्या, बाकीच्या मेल्या, आणि तगलेल्यांचीच संतती वाढत गेली. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना त्याचा जबर तडाखा बसला. 450 ग्रॅम बीटी बियाण्यासोबत 120 ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी दिली जाई, ती याचसाठी: कडेच्या साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगांशी चिवट पतंगांचे मीलन व्हावे व तो चिवटपणा पुढील पिढीत विरळ व्हावा. पण त्या ओळींचे नुकसान एकट्याच्या पदरी आणि लाभ साऱ्या शिवाराला! पुष्कळांनी ती पुडी पेरली नाही, यात नवल ते काय? शिवाय ही अळी मुख्यत्वे कपाशीवरच जगते. फरदड ठेवली की तिची उपासमार टळते.

एवढे सारे ज्याच्या बांधावर घडले, त्या विद्यार्थ्याला व्याख्या विचारण्यात काय हशील? विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी आखलेल्या सक्तीच्या पर्यावरण अभ्यासक्रमात 100 पैकी 25 गुण क्षेत्रकार्यासाठी ठेवले होते. असे गुण उतरवून काढलेल्या प्रकल्पवह्यांवर उधळले जावेत, हे खेदजनक आहे. कामगंध सापळ्यांत दर आठवड्याला सापडणारे पतंग मोजण्यास प्रयोगशाळा लागत नाही. उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांखाली दबलेला प्राध्यापक असे काम तपासणार कसा, ही अडचण खरी आहे. परंतु निदान एक प्रश्न तरी असा असावा: शेजाऱ्याने फरदड मार्चपर्यंत ठेवली, तर पुढील हंगामात तुमच्या शेतात काय होईल, का होईल, आणि तुमचे उत्तर चुकले असल्यास सापळ्यात काय दिसेल?