दुकानाच्या पायरीपुढची जागा

रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर दिवस कलला की भेळेच्या गाड्या लागतात. कोणती गाडी कोठे उभी राहावी हे कोणी लिहून दिलेले नसते. तरी एकाची जागा दुसरा सहसा घेत नाही. वर्षानुवर्षांचा वावर, ठरलेले गिऱ्हाईक आणि शेजारच्या गाडीवाल्याशी झालेली समजूत यांतून ती जागा पक्की होते. सूर्यास्तापूर्वी पोहोचलेल्या जैन कुटुंबाने ‘कांदा-बटाटा नको’ एवढे म्हटले तरी पुरते. ‘जैन भेळ’ हा शब्द बहुधा गाडीवाल्यांनीच रूढ केला असावा.

पेठेतील अरुंद आळीत मात्र हाच व्यवहार अवघड होतो. तेथे दुकानाची पायरी संपते तोच रस्ता सुरू होतो. दुकानदार भाडे भरतो, कर भरतो; समोरच्या गाडीने त्याचा दर्शनी भाग झाकला जातो, तळणीचा धूर कापडाच्या ठाणांना लागतो. ही तक्रार खोटी नव्हे. पण वड्यासाठी थांबलेले गिऱ्हाईक पुढे दुकानातही शिरते, हे त्याच दुकानदाराला ठाऊक असते. शिवाय पायरीपुढे मांडलेली खोकी आणि पुतळेही रस्त्यावरच असतात. त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदनसिंग खटल्यात, रस्त्यावरील विक्री हा योग्य निर्बंधांच्या अधीन असलेला व्यवसायाचा हक्क मानला. पुढे 2014 च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समिती आणली. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, असे हा कायदा सांगतो. समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया. व्यापारी संघटनांनाही तेथे स्थान आहे, ही गोष्ट व्यापारी घराण्यांत क्वचितच चर्चिली जाते. ‘गाडी हटवा’ असा अर्ज देण्याची सवय जुनी. गाडी कोणत्या कोपऱ्यावर, किती वाजल्यापासून, खरकटे पाणी कोठे, हे समितीत बसून विचारण्याची सवय अजून लागायची आहे.

जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला की मांडवीवर गाडी टिकणे कठीण होते आणि गाडीवाला पेठेतल्या एखाद्या छज्जाखाली आडोसा शोधतो. दुकान आठाला बंद होते, गाडीची खरी विक्री सातालाच सुरू होते. मधल्या एका तासाचे काय, हे छज्जाच्या मालकाने आणि गाडीवाल्याने पायरीवर उभे राहूनच ठरवायचे असते.