लेखनिक मिळाला, पण वाचायचे काय?

परीक्षेला अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. पण वर्षभर त्याने वाचायचे काय? नांदेड-लातूरच्या प्रत्येक महाविद्यालयात हा प्रश्न विचारायला हवा.

आज नोट्स व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, बहुधा पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. डोळस मुलांचे त्यात भागते. मोबाईलमधल्या टॉकबॅकला किंवा संगणकावरच्या मोफत एनव्हीडीएला मात्र ते नुसते चित्र. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी फाईल उघडली, तर निरर्थक अक्षरे ऐकू येतात. जुन्या इनपेजमधल्या उर्दू नोट्सची गतही वेगळी नाही.

उपाय खर्चिक नाही. युनिकोडमध्ये टाइप करा, आकृतीचे दोन ओळींत वर्णन लिहा. अल्पदृष्टी मुलांना तीच फाईल अक्षरे मोठी करून वाचता येते.

कायदाही बाजूने आहे. २०१२च्या दुरुस्तीपासून कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करू देतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम १६ सांगते, की अंध विद्यार्थ्यांना त्यांच्यासाठी योग्य अशा माध्यमातून शिकवले जावे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने अभ्याससाहित्य युनिकोडमध्येच देण्याचे परिपत्रक काढले, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चारही जिल्ह्यांतल्या मुलांची सोय होईल.

मित्रांनो, शिष्यवृत्तीसाठी आपण निवेदने देतोच. यंदा त्यात ही मागणी जोडू या. आणि परिपत्रकाची वाट न पाहता, आपल्या वर्गातल्या मित्रासाठी आज एक धडा टाइप करू या. त्याची परीक्षाही आपल्याच तारखेला आहे.