शरणपूरचा वारसा आणि मंडळीचा कारभार

संस्थेचा कारभार म्हणजे काय, हे चांदवडच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकामातेचे देवस्थान यांमुळे जुन्या काळापासून नावाजलेल्या या गावात १९२८ साली श्री नेमिनाथ जैन ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला आणि पुढे त्यातून शाळा-महाविद्यालयांचा विस्तार झाला. विश्वस्त, कार्यकारी मंडळ, घटना, वार्षिक सभा, लेखापरीक्षण हे शब्द येथील शिक्षक-कारकुनांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. ख्रिस्ती चर्चच्या गुणदोषांचा विचार याच वाचकापुढे मांडावा असे आम्हांस वाटते. श्रद्धेचा भाग वेगळा. पण चर्च हीही अखेर माणसांनी चालविलेली संस्था आहे आणि तिचे दुखणे इतर संस्थांच्या दुखण्याहून फारसे निराळे नाही.

मराठी ख्रिस्ती माणूस आपल्या चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. शब्द मोठा नेमका आहे. इमारत म्हणजे देऊळ, आणि त्या देवळात जमणारी माणसे म्हणजे मंडळी. देऊळ पडले तरी मंडळी उरते, असा त्या धर्माचा मूळ सिद्धान्त. ही मंडळी निर्दोष असते असा दावा शुभवर्तमानाने कधी केलेला नाही. गव्हाबरोबर निदण वाढते आणि ते कापणीपर्यंत वाढू द्यावे लागते, असा दृष्टान्त तेथे आहे. ज्याच्यावर मंडळीचा भार टाकला तो पेत्र आपल्या गुरूला तीनदा नाकारणारा होता, हेही तेथे झाकून ठेवलेले नाही. तेव्हा चर्चमध्ये दोष आहेत एवढे सांगण्यात नवे काही नाही. नवल आहे ते निराळेच. ‘आपण सारेच पापी’ हे वाक्य प्रार्थनेत नम्रतेने उच्चारले जाते, आणि तेच वाक्य कार्यकारिणीच्या सभेत हिशेब मागणाऱ्याला गप्प करण्यासाठीही वापरले जाते. अध्यात्मातील कबुली व्यवहारात सबब म्हणून चालविली, की कोणत्याही धर्मसंस्थेचे नुकसान ठरलेले.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर या दुखण्याचा उगम शरणपुरात शोधावा लागतो. आज शरणपूर हे नाशिक शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याचे नाव झाले आहे. १८५० नंतरच्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तेथे ख्रिस्ती वसाहत उभारली. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाचे घर सुटे, जात सुटे, पाणवठा बंद होई. धर्मांतर केल्याने वारसाहक्क बुडू नये यासाठी सरकारला १८५० साली कायदा करावा लागला, यावरून त्या काळची कल्पना येते. अशांना शरण देणारे गाव ते शरणपूर. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही येथेच वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात होता, आणि १८७४ मध्ये त्या प्रवाशाचे शव लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत पोहोचले तेव्हा त्यासोबत हा नाशिकचा विद्यार्थी होता. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हे पान शाळेतल्या मुलांना कोणी सांगत नाही, ही खेदाची गोष्ट.

शरणपूरचे उपकार मोठे आहेत, ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु आश्रयाला आलेला माणूस आश्रयदात्याला प्रश्न विचारीत नाही. घर मिशनचे, शाळा मिशनची, नोकरी मिशनची आणि पाळकाचा पगारही मिशनचा, अशा वातावरणात दोन-तीन पिढ्या वाढल्या. ‘साहेब बघतील’ ही वृत्ती तेथे रुजली. साहेब मायदेशी परतला, त्याच्या खुर्चीत आपलाच माणूस बसला, पण खुर्चीकडे पाहण्याची नजर बदलली नाही.

हा धोका खुद्द मिशनऱ्यांना दिसला नव्हता असे नाही. अमेरिकन मिशनच्या बोस्टन येथील मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले. आपल्या खर्चाने चालणारी, आपला कारभार आपण पाहणारी आणि आपला प्रसार आपण करणारी मंडळी हवी, हा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक या एतद्देशीयांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तत्त्व उत्तम होते; मिशनरी आणि देशी पाळक यांच्या वेतनातले व अधिकारातले अंतर मात्र दीर्घकाळ टिकले. दुष्काळात उपाशी असलेल्या खेड्याला ‘स्वावलंबी व्हा’ म्हणून सांगणे सोपे, तेथे पाळकाचा शिधा गोळा करणे कठीण, हेही खरे.

या साऱ्याचा सर्वांत प्रखर विचार ज्याने केला तो माणूस नाशिकच्या परिसरात वाढलेला होता. नारायण वामन टिळकांचे तरुणपण नाशकात गेले. लक्ष्मीबाईंचे माहेर जवळच्या जलालपूरचे. १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, नगरला अमेरिकन मिशनमध्ये काम केले, ‘ज्ञानोदया’त लिहिले, आणि मराठी मंडळ्यांना त्यांनी भजने दिली ती आजही गाइली जातात. दोन दशकांहून अधिक काळ मिशनमध्ये काढल्यावर १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्यांनाही होती. पुढे दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले आणि दरबार विखुरला.

टिळकांच्या या पावलाकडे कवीची लहर म्हणून पाहण्याची पद्धत पडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. पगार देणाराच जेथे मालक ठरतो तेथे पाळक मंडळीचा राहत नाही, आणि मंडळीही स्वतःची राहत नाही, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते. त्यांच्या उपायात व्यावहारिक उणिवा होत्या. एका माणसाच्या तेजावर उभी राहिलेली संस्था त्याच्यामागे टिकत नाही, आणि घटनेशिवाय दरबार चालत नाही. पण निदान अचूक होते. शंभरी उलटून गेल्यावरही ते तितकेच लागू पडावे, हीच काळजीची बाब आहे.

दुसरे दुखणे जातीचे. त्याचीही एक खूण चांदवडच्या शेजारीच आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा इतर धर्मांबरोबर ख्रिस्ती धर्माचे पुढारीही त्यांच्याकडे आशेने पाहू लागले. १९३८ च्या आरंभी सोलापुरास ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी त्यांना सुनावले ते असे, की तुमच्यातले शिकले-सवरले ते नोकऱ्यांत स्थिरावले, आणि खेड्यातल्या आपल्याच दलित बांधवांवरील अन्यायाविरुद्ध समाज म्हणून तुम्ही कधी उभे राहिला नाहीत. ही टीका चर्चला झोंबली असेल, पण खोडून काढता आली नाही. नगर-नाशिककडच्या मंडळ्यांचा मोठा भाग महार-मांग समाजांतून आलेला. पहिल्या पिढीतील नावाजलेले पुढारी बरेचसे ब्राह्मण. एका पेल्यातून प्रभुभोजन घेणारी माणसे सोयरिकीच्या वेळी जुन्या वाड्या-वस्त्या आठवतात आणि चर्चच्या निवडणुकीत त्याच आठवणींवर मते फिरतात, हे कोणत्याही जुन्या सभासदाला खाजगीत विचारावे.

येथे एक पेच आहे, त्याचीही नोंद केली पाहिजे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशातून ख्रिस्ती दलित वगळले गेले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध दलितांना त्याचा लाभ मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. त्याविरुद्ध चर्चने मागणी केली ती न्याय्य आहे असेच आमचे मत आहे. परंतु दिल्लीत ‘आमच्यातही जात आहे’ म्हणून निवेदन द्यायचे आणि गावच्या मंडळीत ‘आमच्यात जात नाही’ म्हणून विषय मिटवायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

आता मालमत्तेचा प्रश्न. अनेक भांडणांचे मूळ तेथे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. १९२९ पासून असलेला नाशिकचा अँग्लिकन धर्मप्रांतही तीत सामील झाला. परंपरेने वेगळ्या असलेल्या मंडळ्यांनी एका टेबलाशी बसावे ही गोष्ट लहान नव्हे. पण ऐक्याबरोबर मिशनच्या काळातील बंगले, शाळा, दवाखाने, मोकळ्या जागा यांची मालकीही एकत्र करण्याचा प्रश्न आला. शहरे वाढली, त्या जागांच्या किमती चढल्या, आणि पदासाठी उमेदवारांची वाण राहिली नाही. कायदा याबाबत स्पष्ट आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. गुजरातेतील ब्रदरन चर्चच्या दाव्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की चर्चने विलीनीकरणाचा ठराव केला तरी कायद्याची रीत पाळल्याखेरीज तिच्या विश्वस्त मिळकती आपोआप दुसऱ्या संस्थेच्या होत नाहीत. सामान्य सभासदाला हे ठाऊक नसते. ठाऊक करून देण्याची घाई पुढाऱ्यांनाही नसते.

कॅथलिकांची व्यवस्था वेगळी. नाशिकला त्यांचा स्वतंत्र धर्मप्रांत १९८७ साली झाला आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. तेथे नेमणूक वरून होते, त्यामुळे निवडणुकीची धुळवड नाही. तरीही प्रत्येक पॅरिशमध्ये अर्थसमिती असलीच पाहिजे असे त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेने बजावले आहे. म्हणजे ज्या चर्चमध्ये लोकशाहीचा दावा नाही त्यानेही हिशेबाला सामान्यांचे डोळे आवश्यक मानले. लोकशाहीचा दावा करणाऱ्यांनी मागे का राहावे?

चर्चवर बाहेरून धर्मांतराचे आरोप होत असताना घरातली धुणी चव्हाट्यावर का धुवावीत, असे आम्हांस विचारले जाईल. आक्षेप प्रामाणिक आहे आणि भीतीही खोटी नाही. कोणी प्रार्थना करतो म्हणून त्याच्या दारावर जमाव जावा, हे कोणत्याही सभ्य राज्यात चालता कामा नये. पण ज्या मंडळीचा हिशेब स्वच्छ आणि पाळक लोकांच्या ओळखीचा, तिच्यावरील खोटा आरोप शेजारच्या हिंदू-जैन-मुसलमानालाही पटत नाही. परदेशी पैशाची कुजबूज बंद करायची असेल तर दानपेटीचा आकडा सांगण्यासारखा दुसरा उपाय नाही.

खेड्यापाड्यांतून आजही एकेका पाळकाकडे अनेक गावे असतात. तो मोटारसायकलवरून रविवारी दोन-तीन उपासना उरकतो, आजाऱ्याला भेटतो, मयताला हजर राहतो, आणि पगार उशिरा आला तरी मुकाट राहतो. चर्चच्या अपूर्णतेची चर्चा करताना हा माणूस विसरला जातो. त्याचा पगार धर्मप्रांताच्या कचेरीतून येतो, म्हणून त्याची नजरही तिकडे लागलेली असते. बदलीच्या भीतीने तो कोणत्या गटाशी वाकडे घेत नाही. तो पगार, निदान अर्धा, ज्या मंडळीत तो राबतो तिने उचलला तर त्याची मान सरळ होईल. आजच्या ख्रिस्ती समाजात शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रेल्वेतले आणि सरकारी कचेऱ्यांतले नोकर आहेत. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावी हे अशक्य म्हणणे कोणाला शोभेल?

आणि सभेत स्त्रियांचा आवाज हवा. स्मृतिचित्रे लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंची परंपरा सांगणाऱ्या समाजात महिला-मंडळाकडे फक्त चहा-फराळाचे काम असावे, हे विचित्र आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने २०२४ मध्ये व्हायोलेट नायक यांना ओडिशातील फुलबनीच्या बिशपपदी बसविले. आपल्याकडच्या किती पास्टरेट कमिट्यांत खजिनदार बाई आहे, हे ज्याने त्याने मोजावे.

वार्षिक सभेत वर्षाचा जमाखर्च वाचण्याची रीत पुष्कळ मंडळ्यांत आहे. तो इंग्रजीत, घाईघाईने, उपासनेनंतर लोक उठू लागल्यावर वाचला जातो. यंदा तो मराठीत लिहून, आठ दिवस आधी देवळाच्या दारावर लावावा. मंडळीच्या नावावर कोणती जमीन आहे, तिचा सातबारा कोणाच्या नावाने आहे आणि तिच्यावर कोणता दावा चालू आहे, हेही त्याच कागदावर असावे. त्याला धर्मप्रांताची परवानगी लागत नाही, आणि खर्च एका कागदाचा आहे.