सशाचें काळीज

परदेशीं राहणाऱ्या आपल्या मंडळींस एक खोड फार लवकर जडते. तेथील एखादी चांगली गोष्ट दृष्टीस पडली कीं, ‘ही मूळची आपलीच’ असें म्हणून मोकळें व्हावयाचें. एकदां असें म्हटलें म्हणजे त्या गोष्टीकडे अधिक लक्ष देण्याचें कारण उरत नाहीं, आणि स्वतः कांहीं करण्याचें तर मुळींच उरत नाहीं. या महिन्यांत आम्ही या खोडीचाच थोडा विचार करणार आहों. त्यास निमित्त झालें आहे एका कोरियन सशाचें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथें सहकुटुंब राहतात. त्यांच्याकडे आमचें कांहीं महिने राहणें झालें. नात तेथील शाळेंत जाते. कोरियन भाषा तिला मराठीइतकीच, किंबहुना मराठीहून अधिक, सुलभ झाली आहे. एके दिवशीं तिनें आम्हांस तिकडची एक गोष्ट सांगितली. समुद्राच्या तळाशीं राहणारा नागराज आजारी पडला. सशाचें काळीज मिळाल्यावांचून त्यास उतार पडणार नाहीं, असें निदान झालें. तेव्हां कासव जमिनीवर गेलें आणि सशास नाना आमिषें दाखवून दरबारांत घेऊन आलें. सुरी पाहतांच ससा म्हणाला, “महाराज, हें आधीं कां बरें सांगितलें नाहीं? मी काळीज डोंगरावरच ठेवून आलों!” राजानें त्यास काळीज आणण्यासाठीं परत धाडलें, आणि जमिनीला पाय लागतांच ससा पसार झाला.

गोष्ट संपवून नातीनें विचारलें, “आजोबा, तुमच्याकडे अशी गोष्ट आहे का हो?”

‘आपल्याकडे’ नव्हे, ‘तुमच्याकडे’. एका सर्वनामाचें काम, परंतु आम्हीं जन्मभर व्याकरण शिकविलें असल्यामुळें तें कानाला लागल्यावांचून राहिलें नाहीं.

वाचकांनीं ही गोष्ट ओळखलीच असेल. ‘पंचतंत्रा’च्या ‘लब्धप्रणाश’ नामक चौथ्या तंत्रांतील रक्तमुख वानर आणि करालमुख मगर यांचीच ही कथा. तेथें मगराच्या बायकोस वानराचें हृदय हवें असतें, आणि वानर तें जांभळीच्या ढोलींत ठेविल्याचें सांगून सुटतो. पाली जातकांतही ही कथा आहे. तेथें हृदय उंबराच्या झाडाला लटकलेलें असतें. बौद्ध भिक्षूंबरोबर ती चीनमध्यें गेली. तिसऱ्या शतकांतील चिनी भाषांतरांत मगराच्या जागीं कासव आलें आणि हृदयाच्या जागीं यकृत आलें. कोरियांत वानराचा ससा झाला. हृदय आणि यकृत हा भेद मराठीस मात्र मुळींच अडत नाहीं, कारण आपला ‘काळीज’ हा शब्द दोहोंचेंही काम करतो.

कोरियांत ही कथा केवळ मुलांच्या करमणुकीसाठीं राहिली नाहीं. ‘साम्गुक सागी’ हा तेथील जुना इतिहासग्रंथ ११४५ सालचा. त्यांत लिहिलें आहे कीं, ६४२ सालीं सिल्ला राज्याचा किम चुन्-चू हा सरदार मदत मागण्यासाठीं शेजारच्या कोगुर्यो राज्यांत गेला असतां त्यास अडकवून ठेवण्यांत आलें. तेथल्या एका अधिकाऱ्यानें त्यास ससा आणि कासव यांची गोष्ट सांगितली. किम चुन्-चूनें तिचें मर्म ताडलें. ‘तुम्हांस हवा असलेला मुलूख मी परत गेल्यावर आमच्या राजाकडून देववितों’ असा शब्द देऊन त्यानें आपली सुटका करून घेतली. आणि पुढें ६५४ सालीं तो स्वतःच राजा झाला. ‘पंचतंत्र’ हें राजपुत्रांस नीति शिकविण्यासाठीं रचलें, असें आपण वर्गांत सांगतों. त्या नीतीचा इतका रोकडा उपयोग झाल्याचें दुसरें उदाहरण आमच्या वाचनांत नाहीं.

हीच कथा पुढें ‘पान्सोरी’ या गायनप्रकारांत आली. ‘पान’ म्हणजे लोक जमतात ती जागा, ‘सोरी’ म्हणजे ध्वनि. सशाच्या आख्यानाचें नांव ‘सुगुंगगा’, अर्थात् जलप्रासादाचें गीत. शेवटचा ‘गा’ पाहून आम्हांस क्षणभर संस्कृत ‘गै’ धातु आठवला. परंतु तो शब्द चिनी आहे, आणि नुसत्या सादृश्यावरून नातें जोडूं नये हा भाषाशास्त्राचा पहिला धडा होय. सोलच्या नाम्सान टेकडीच्या पायथ्याशीं राष्ट्रीय नाट्यगृह आहे. तेथें १९८४ पासून संपूर्ण आख्यानें अथपासून इतिपर्यंत गाण्याचा क्रम चालू आहे. सूनबाईंनीं तिकिटें काढलीं, आणि आम्ही तीन तासांहून अधिक वेळ मांडी न मोडतां बसलों.

रंगभूमीवर दोनच माणसें असतात: हातीं पंखा घेऊन उभा असलेला गायक, आणि खालीं बसलेला ढोलवादक. नागराज, कासव, ससा, समुद्रांतील सारे प्रधान हीं सोंगें तो एकटा गायकच वठवितो. मध्येंच गद्यांत बोलतो, मध्येंच गातो. ‘जिन्यांग’ ही लय अतिविलंबित, तर ‘ह्विमोरी’ ही अतिद्रुत. आवाज गोड असावा अशी अपेक्षा नसते. धबधब्यापाशीं बसून, गळा फुटेपर्यंत मेहनत करून कमावलेला घोगरा, धारदार आवाज हाच तेथें गुण समजतात. श्रोत्यांनीं मख्खपणें बसणें हा गायकाचा अवमान होय. योग्य जागीं ‘ओल्शिगू!’ अशी दाद दिलीच पाहिजे. ज्यांनीं लहानपणीं देवळांत हरिदासांचें आख्यान ऐकलें आहे, त्यांस ही मैफल परकी वाटणार नाहीं. एके ठिकाणीं आमच्या तोंडून ‘वाहवा’ निघून गेलें, तेव्हां शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं वळून मान लवविली. भाषा निराळी, परंतु समेची जागा त्यांस पटलेली दिसली.

ही कला राजवाड्यांत जन्मलेली नाहीं. तिचे गायक हीन गणल्या गेलेल्या वर्गांतले, गांवोगांवच्या बाजारांत गाऊन पोट भरणारे होते. एकोणिसाव्या शतकांत शिन चे-ह्यो (१८१२–१८८४) या रसिकानें आख्यानांच्या संहिता नीट करून लिहून काढल्या आणि चिन् चे-सन् या पहिल्या नामांकित गायिकेस शिक्षण दिलें. मुळांत १२ आख्यानें होतीं. त्यांपैकीं परंपरेनें गायिलीं जाणारीं ५ च उरलीं. १९१० पासून १९४५ पर्यंत देश जपानच्या ताब्यांत होता. १९३८ सालीं शाळांतून कोरियन भाषाच ऐच्छिक करण्यांत आली, आणि पुढें तीही नांवापुरती राहिली नाहीं. त्यामागून १९५० ते १९५३ चें युद्ध झालें. अशा देशांत गाणें शिल्लक राहिलें हेंच नवल होय.

तें आपोआप मात्र राहिलें नाहीं. १९६२ सालीं तेथें सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि १९६४ सालीं पान्सोरीस त्याचें संरक्षण मिळालें. या कायद्याचें मर्म असें कीं, इमारत किंवा पोथी जशी जपावयाची तसेंच कला अंगीं असलेलें माणूसही जपावयाचें. अशा कलावंतास सरकार मासिक वेतन देतें, आणि त्यानें शिष्य तयार केले पाहिजेत अशी अट घालतें. लोक त्यास ‘माणसाच्या रूपांतील ठेवा’ म्हणतात. २००३ सालीं युनेस्कोनेंही पान्सोरीचा गौरव केला. अशा सरकारी शिक्क्यानें कला गोठून जाते, असा आक्षेप तेथील कांहीं अभ्यासक घेतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु याच ‘सुगुंगगा’मध्यें एक प्रसंग आहे. पोहून पोहून कासवाचा जबडा आखडतो, ‘ससेबुवा’ म्हणावयाचें तें ‘वाघोबा’ असें निघतें, आणि खरोखरीच वाघ डोंगर उतरून येतो. तोच भाग तरुणांच्या एका वाद्यवृंदानें २०२० सालीं नव्या ठेक्यावर गायिला आणि तो देशोदेशीं गाजला. जुनें कोणीतरी जसेंच्या तसें राखलें होतें, म्हणूनच त्याचें नवें करतां आलें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. ही कथा आपली कीं त्यांची? मुलगी माहेराहून सासरीं जाते. तिकडे ती वाढते, तिकडचे रीतिरिवाज उचलते. माहेरच्यांनीं तिचा अभिमान जरूर बाळगावा, परंतु तिच्या संसाराचें श्रेय घेऊं नये. आमच्या कथेंत मगर हा मित्रद्रोही आहे. त्यांच्या कथेंत कासव हा धन्यासाठीं जीव धोक्यांत घालणारा स्वामिनिष्ठ सेवक आहे, आणि हांसें होतें तें खादाड राजाचें व मतलबी दरबाराचें. एवढी भर त्यांची स्वतःची आहे. आणि माहेरची मिरास सांगणाऱ्या घरांतील मुलांस रक्तमुख कोण हें ठाऊक नसेल, तर त्या मिराशीस अर्थ तो काय?

म्हणून परदेशस्थ वाचकांस आमची एवढीच सूचना आहे. तेथील मैफलींस जावें, मुलांस न्यावें, त्यांच्या तोंडून त्यांची गोष्ट नीट ऐकावी. आणि मग ‘ही आपलीच’ असें न म्हणतां, आपली गोष्ट त्यांस पूर्ण सांगावी. आम्हीं नातीच्या प्रश्नास त्याच रात्रीं करालमुखाची कथा सांगून उत्तर दिलें. तिनें ती लक्षपूर्वक ऐकली आणि निकाल दिला, “मगर वाईट आहे, पण कासवाची मला दया येते.” नीतिशास्त्रावरील इतकें नेमकें उत्तर आम्हांस परीक्षेच्या पेपरांत क्वचितच मिळालें असेल.

आम्ही परत आलों तरी तो क्रम मोडलेला नाहीं. दर रविवारीं दूरध्वनीवरून, एकमेकांचें तोंड पाहत, आम्ही ‘पंचतंत्रा’तील एक गोष्ट सांगतों आणि ती तिकडची एक सांगते. आजवर हिशेब बरोबरीचा आहे.