दंड भरला की नियम संपतो काय?

दर वर्षी १ जूनला मासेमारी बंदी लागते आणि आमच्या काउंटरवरची गर्दी बदलते. ट्रॉलर जेटीला लागलेले असतात, खलाशी ओडिशा-झारखंडला आपापल्या गावी गेलेले असतात आणि बोटमालक कर्जाच्या नूतनीकरणासाठी फायली घेऊन येतात. ही बंदी पूर्वी ४७ दिवसांची होती, २०१५ पासून ती ६१ दिवसांची झाली. कुरकुर होते, पण बंदी बहुतेक पाळली जाते. का पाळली जाते, याचा आम्ही बराच विचार केला. उत्तर सोपे आहे. जेटीला बांधलेली बोट सगळ्या गावाला दिसते. मासेमारीचे बाकीचे नियम मात्र पाण्याखाली आणि रात्रीच्या अंधारात पाळायचे असतात.

आपल्या वाचकांपैकी जुन्या मंडळींना सत्तरच्या दशकातले रापणकारांचे आंदोलन आठवत असेल. सरकारी अनुदान आणि बँकांची कर्जे यांच्या जोरावर ट्रॉलर आले, किनाऱ्यालगत फिरू लागले आणि रापणीच्या जाळ्यांची नासधूस होऊ लागली. माथानी साल्ढाणा यांच्यासारखे कार्यकर्ते रापणकारांबरोबर रस्त्यावर उतरले. त्यातून १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. हा कायदा कोणी मेहेरबानीने दिलेला नाही, तो भांडून मिळवलेला आहे. आज त्या पट्ट्यात रात्री कोण फिरते, हे किनाऱ्यावरच्या कोणत्याही माणसाला विचारावे.

जाळ्याच्या आसाचा नियमही असाच. आस म्हणजे जाळ्याच्या गाठींमधली मोकळी जागा. आपल्याकडे कोळंबीच्या जाळ्याला किमान २० मिलिमीटर आणि मासळीच्या जाळ्याला २४ मिलिमीटर असा हिशेब आहे. कागदावर ठीक वाटते. पण ट्रॉलरचे जाळे ओढले जाऊ लागले की ताणामुळे शंकरपाळ्यासारखे आस मिटतात. शेवटच्या पिशवीत अडकलेले बोटभर पिल्लू मग बाहेर पडू शकत नाही. म्हणून कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने चौकोनी आसाची पिशवी सुचवली, कारण ती ताणली तरी उघडी राहते. बदलायची ती केवळ शेवटची पिशवी, सगळे जाळे नव्हे. तरीही ती वापरायला मालक राजी नसतात, कारण शेजारचा वापरत नाही. अडकलेली पिल्ले बाजारात विकली जात नाहीत, ती माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्यांकडे जातात. वाढली असती तर याच माशांना दसपट भाव आला असता, हे सांगायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही.

आता एलईडीचे पाहू. प्रखर दिवे पाण्यावर किंवा पाण्यात सोडायचे, प्रकाशाकडे बांगडे, तारल्या, माणक्या गोळा झाल्या की पर्ससीन जाळ्याने वेढा घालायचा. लहान-मोठे काहीच सुटत नाही. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने दिव्यांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढण्याचा प्रकार, ज्याला बुल ट्रॉलिंग म्हणतात, या दोन्हींवर बंदी घातली. पण १२ सागरी मैलांपर्यंत राज्याचा अधिकार आणि त्यापुढे केंद्राचा. बोट सापडली की मालक म्हणतो आम्ही पलीकडे होतो. राज्य म्हणते ते आमच्याकडे येत नाही. तटरक्षक दलाला दुसरी कामे आहेत.

इथे आमच्या घरचीच एक गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी ती सांगणे भाग आहे. २०१९ साली आमच्या टेबलावर एका बोटीच्या दुरुस्तीच्या कर्जाची फाइल आली. कोटेशनमध्ये जनरेटर होता. बोटीवरचे चार दिवे आणि वायरलेस चालवायला लागेल त्याच्या कितीतरी पट मोठा. हा जनरेटर कशासाठी, हे आम्हाला कळले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. पण कागदपत्रे पूर्ण होती, तारण पुरेसे होते, फाइल पुढे गेली. आम्हीही आमची आद्याक्षरे केली. ते कर्ज वेळेत फिटले. बँकेच्या दृष्टीने ते उत्तम खाते.

त्याच वर्षी आमच्याच शाखेतले एका रापणकार कुटुंबाचे खाते हळूहळू बंद पडत गेले. रापण ही भागीदारीची गोष्ट, ओढायला पन्नास हात लागतात आणि मासळीचे वाटे होतात. मोसमात दर आठवड्याला काही ना काही जमा होत असे. मग पंधरवड्याने, मग महिन्याने. शेवटी त्या घरचा मुलगा बोटीचे इंजिन विकून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला लागला. त्याला दोष देता येत नाही.

प्रश्न दंडाचा आहे. समजा, एका रात्रीत दोन-तीन लाखांची मासळी मिळते आणि पकडले जाण्याचा प्रसंग मोसमात एखादा येतो. मग काही हजारांचा दंड हा डिझेल-बर्फासारखाच धंद्याचा एक खर्च होतो. महाराष्ट्राने २०२१ साली आपल्या कायद्यात दुरुस्ती करून एलईडीसाठी ५ ते २० लाखांपर्यंत दंड ठेवला. आकडा असा हवा की मालकाने आधी हिशेब करावा. आणि दंडापेक्षाही परिणामकारक उपाय सरकारच्या हातात आहे. ट्रॉलरना डिझेलवरच्या व्हॅटची रक्कम परत मिळते, ती आपल्या करांच्या पैशांतून. नियम मोडताना सापडलेल्या बोटीची ही सवलत दोन मोसम थांबवा. त्यासाठी गस्तीनौका लागत नाही, एक यादी आणि एक सही लागते.

ट्रॉलरमालकांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. हप्ते डोक्यावर असतात, मासळी खरोखर कमी झाली आहे, आणि नियम पाळणारा एकटा पडतो. पण म्हणूनच नियम सर्वांना सारखा लागला पाहिजे.

यात आपल्या लोकांशी संबंधित आणखी एक गोष्ट आहे. तेरेखोलच्या पलीकडे, वेंगुर्ले-मालवणच्या समुद्रात, परराज्यांतून आलेल्या ट्रॉलरवरून कित्येक वर्षे संघर्ष चालला आहे, आणि त्यात गोव्याच्या बोटींचे नाव वारंवार येते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्या हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर इतकीच मुदत दिली. आपल्या बाजूला तसे बंधन नाही. समुद्र एक, तारली एक आणि कायदे दोन. आपली अर्धी सोयरीक त्या किनाऱ्यावर आहे. मालवणात लग्नाला गेलो की जेवणाच्या पंगतीत हा विषय निघतो आणि आम्हाला मान खाली घालावी लागते.

आणि आपली स्वयंपाकघरे? महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवली. पापलेट १३५ मिलिमीटर, म्हणजे साधारण तळहाताएवढे, आणि सुरमई ३७० मिलिमीटर, म्हणजे कोपरापासून मनगटाच्या पुढेपर्यंत. हातभर इसवण महाग म्हणून वीतभर पिल्लू घरी आणणारे आम्हीही आहोत. ही यादी आपल्या मासळी बाजारांतही मराठी-कोंकणीत लावली जावी, म्हणजे निदान घेणाऱ्याला लाज तरी वाटेल.

मंडळाच्या मागच्या बैठकीत काहींचे म्हणणे पडले की भाषा आणि शाळा सोडून आपण मासळीत कशाला पडायचे. आम्हाला ते पटले नाही. किनाऱ्यावरचे मराठी घर उठले तर शाळेत मूल कुठून येणार?

मत्स्योद्योग खात्याला द्यायचे निवेदन तयार आहे. त्यात दोनच मागण्या आहेत: सापडलेल्या बोटींची यादी दर तीन महिन्यांनी जाहीर करा, आणि त्यांची डिझेल सवलत थांबवा. कागद मंडळाच्या कचेरीत संध्याकाळी ६ नंतर ठेवलेला असतो. आमची सही पहिली आहे.