दारी आलेला हत्ती

हळदीचा हंगाम आटोपला, उधारीची वसुली बऱ्यापैकी झाली, की पुसेगावसारख्या बाजारपेठेच्या गावी पेढीवरच्या गप्पा मोटारीकडे वळतात. घरातील तरुण मंडळी मोबाईलवर जाहिरात दाखवितात. बीएमडब्ल्यू एक्स १, ऑडी क्यू ३ किंवा मर्सिडीज जीएलए. नवी असताना तीस लाखांच्या आसपासची ही गाडी आज एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या भावात मिळते. वडीलधाऱ्यांनाही मोह होतो. सौदा स्वस्त दिसतो; परंतु तो खरोखर स्वस्त आहे काय, हे खतावणीची दोन्ही पाने पाहिल्यावाचून कळत नाही.

मराठवाड्याला या गाड्यांचे आकर्षण नवे नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील व्यापारी-उद्योजकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घेतल्या. सुमारे ६५ कोटी रुपयांच्या त्या खरेदीची वार्ता देशभर गाजली. एकत्र खरेदीने भाव पाडावा, हे त्यांचे गणित अस्सल व्यापाऱ्याचे होते. शिवाय त्या गाड्या नव्या होत्या. जुन्या गाडीचे गणित मात्र निराळे असते. काळ लोटतो तशी गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. गाडी जुन्या भावाने मिळते, तिची दुरुस्ती मात्र आजच्या भावाने होते.

या गाड्यांचे काही दोष सर्वपरिचित आहेत. आरंभीच्या डिझेल एक्स १ मधील एन ४७ या इंजिनाची टायमिंग चेन हा त्यांतला सर्वांत खर्चिक. विशेषतः २०११ पर्यंतच्या इंजिनांत ही साखळी झिजल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. ती इंजिनाच्या मागील अंगास, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. त्यामुळे ती बदलण्यासाठी इंजिन वा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. चालत्या गाडीत ती तुटली तर बहुधा इंजिनच निकामी होते. मागून येणारी खरखर ही तिची पूर्वसूचना होय.

दुसरी बाब स्वयंचलित गिअरबॉक्सची. ‘यातील तेल आयुष्यभर चालते’ असे विक्रेता सांगेल. परंतु एक्स १ च्या काही गाड्यांत असलेला आठ गतींचा गिअरबॉक्स बनविणारी झेडएफ कंपनी ८० हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याची शिफारस करते. क्यू ३ आणि जीएलए यांतील दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सलाही वेळेवर तेल लागते. थांबलेली गाडी पुढे निघताना हिसका देत असेल, तर खर्च दाराशी आला आहे असे समजावे.

तिसरी बाब वापराची. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी गाळणी असते. ही काजळी जळून जाण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढीच ये-जा राहिली, तर गाळणी तुंबते. अशा वापरासाठी पेट्रोल गाडीच बरी.

बाकीचे दोष लहान, पण त्रासाचे. छताच्या काचेभोवतीच्या नळ्या धुळीने बुजल्या की पावसाचे पाणी आत उतरते. बीएमडब्ल्यूची बॅटरी नुसती बदलून भागत नाही; तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत जादा चाकाऐवजी रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ते ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर धावतात. पुढे त्याच मापाचा टायर शोधणे आले. अधिकृत कार्यशाळेसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर वा नागपूर गाठावे लागते. शहरात एका दिवसाची असणारी दुरुस्ती येथे आठवड्याची होते, आणि गाडी वाहून नेण्याचे भाडे वेगळे.

म्हणून घेण्यापूर्वी काही पथ्ये पाळावीत. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून पाहावी. बॉनेट आधीच गरम लागले, तर विक्रेत्याला कारण विचारावे. सर्व्हिसची नोंद किलोमीटरनिशी तपासावी. जाणकार मेकॅनिककडून स्कॅनर लावून दोषसंकेत वाचून घ्यावेत, पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा वाचावेत. आदल्या दिवशी पुसलेले संकेत त्यामुळे उघड होतात. दिल्लीकडील जुन्या डिझेल गाड्या घ्यायच्या असतील, तर त्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि महाराष्ट्रातील कर यांचा हिशेब आधी मांडावा. आणि खरेदीच्या रकमेचा चौथा-पाचवा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येत नसेल, तर तो सौदा सोडून द्यावा.

गाडी घरची असते ती अडल्या वेळेसाठी. मध्यरात्री आजींना नांदेडच्या दवाखान्यात न्यायचे असेल, तेव्हा बॉनेटवरचे बोधचिन्ह कामास येत नाही. वेळेवर बदललेले तेल कामास येते. पुढे कधी ती विकायची वेळ आली, तर तिचे दोषही घेणाऱ्याला आपणहून सांगावेत. त्याने दोन पैसे कमी मिळतील, पण दुसऱ्या घरची मध्यरात्र सुखरूप पार पडेल. पेढीची पत अशाच व्यवहारांवर उभी असते.