निदानाआधीच मृत्यूचा दाखला

डिचोली तालुक्यातील एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीचा लॅपटॉप भर पावसाळ्यात, परीक्षा पंधरवड्यावर आलेली असताना, एकाएकी अंधारला. कळ दाबली की आतला पंखा फिरे, लहानसा दिवा लागे, सुरू होतानाचा परिचित स्वरही ऐकू येई. पडदा मात्र अमावास्येच्या रात्रीसारखा काळा. वडील खाणीवरच्या ट्रकाचे चालक. २०१८ साली खाणी थांबल्यापासून हाताला मिळेल ते काम करणारे. हप्त्याने घेतलेले ३६,००० रुपयांचे हे यंत्र म्हणजे त्या घराची मुलीच्या शिक्षणातील एकमेव गुंतवणूक होती. बापलेकीने पणजीस जाऊन अधिकृत सेवा केंद्राचे दार ठोठावले. तेथील तरुणाने यंत्र चालू केले, बंद केले, आणि दहा मिनिटांत निर्णय दिला, 'डिस्प्ले असेंब्ली बदलावी लागेल. खर्च १६,००० रुपये.' वर सल्ला दिला, 'त्यापेक्षा नवाच घ्या!'

हे कुटुंब तो सल्ला मानते तर आमचा अग्रलेख येथेच संपला असता. परंतु कोणी तरी त्यांना म्हापशातील एका लहानशा दुकानाची वाट दाखवली. तेथील कारागिराने यंत्र उघडण्यापूर्वी काही प्रश्न विचारले, काही साध्या परीक्षा केल्या आणि मग बिजागरीजवळ पिचलेली एक चपटी केबल बदलली. केबल आणि मजुरी मिळून ९०० रुपये झाले. मुलगी त्याच यंत्रावर अभ्यास करून परीक्षेस बसली. सोळा हजार आणि नऊशे यांमधील हे अंतर केवळ पैशाचे आहे काय? आमच्या मते ते निदान आणि निकाल यांमधील अंतर आहे. एकाने रोग्याची नाडी पाहिली. दुसऱ्याने नाडी न पाहताच मृत्यूचा दाखला लिहून दिला.

लॅपटॉपचा पडदा ही एक अखंड वस्तू आहे असा आपला समज असतो. वस्तुतः ती एक साखळी आहे. मुख्य फलकावरील ग्राफिक्सची चिप चित्राचे संकेत तयार करते. ते संकेत एका बारीक केबलमधून, बिजागरीच्या पोटातून, वर पडद्याच्या पॅनेलपर्यंत जातात. पॅनेलमधील द्रवस्फटिकांना स्वतःचा प्रकाश नसतो. मागून येणारा प्रकाश अडवणे किंवा वाट देणे एवढेच त्यांचे काम. तो मागचा प्रकाश पूर्वी बारीक नळीचा दिवा आणि त्याला उच्च दाबाची वीज पुरवणारा इन्व्हर्टर देत असे. गेल्या दीड दशकात त्यांची जागा एलईडी दिव्यांनी घेतली. या साखळीतील कोणताही दुवा निखळला की परिणाम वरवर एकच दिसतो, पडदा काळा. म्हणूनच कोणता दुवा निखळला हे शोधण्याला महत्त्व आहे, आणि ते शोधण्यास फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती चिकित्सक बुद्धी आणि थोडा धीर.

पहिली परीक्षा घरच्या विजेरीची. अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्यावर तिरकस झोत टाकावा. अंधुक का होईना अक्षरे, चित्रे दिसली तर चित्र जिवंत आहे, मागचा दिवा तेवढा विझला आहे. दोष दिव्यात असेल, त्याच्या वीजपुरवठ्यात असेल किंवा केबलमधील त्या तारांत असेल; संपूर्ण यंत्र मेले असे मुळीच नव्हे. ज्या नव्या यंत्रांत ओएलईडी पडदा असतो, तेथे ही परीक्षा लागू नाही, कारण त्यातील प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो. दुसरी परीक्षा घरातील दूरचित्रवाणी संचाची. एचडीएमआय केबलने लॅपटॉप त्याला जोडावा. तेथे स्वच्छ चित्र आले तर ग्राफिक्सची चिप आणि मुख्य फलक यांच्यावरील संशय बहुतांशी दूर होतो आणि शोध पॅनेल, केबल व दिवा यांच्यापुरता मर्यादित होतो. तेथेही चित्र विस्कटलेले आले तर दुखणे खोल, मुख्य फलकातच आहे, असे समजावे. तिसरी परीक्षा त्याहून सोपी. झाकण हळूहळू पुढेमागे करावे. एका विशिष्ट कोनात चित्र येते आणि दुसऱ्या कोनात जाते असे दिसले तर बिजागरीतून जाणारी केबल किंवा तिची जोडणी हीच गुन्हेगार मानावी. दिवसातून दहा वेळा उघडमीट होणाऱ्या दाराची बिजागरी प्रथम झिजते, हे सुताराला सांगावे लागत नाही. तंत्रज्ञाला का सांगावे लागावे?

काही वेळा तर दोष दोषच नसतो. झाकण मिटले की यंत्राने झोपावे यासाठी त्यात चुंबक ओळखणारा एक संवेदक बसवलेला असतो. जवळ चुंबकाचे बक्कल असलेला घड्याळाचा पट्टा आला किंवा एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला, तरी यंत्राला झाकण मिटल्याचा भास होतो आणि पडदा मावळतो. कधी चुकून कळ दाबली जाऊन उजेड किमान पातळीवर गेलेला असतो. कधी वीज काढून, बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढून, सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरल्याने आत साठून राहिलेला विद्युतभार निघून जातो आणि यंत्र शहाण्यासारखे चालू लागते. मेमरीची पट्टी काढून, स्वच्छ करून पुन्हा नीट बसवणे हाही असाच एक प्राथमिक उपचार. आपल्या किनारपट्टीवर तर या उपचारांस विशेष अर्थ आहे. खारा वारा आणि चार महिन्यांचा दमट पाऊस धातूच्या बारीक टोकांवर गंज चढवतात. अशी जोडणी काढून, स्वच्छ करून पुन्हा बसवली तर पडदा उजळण्याचा संभव असतो. मुंबई-बंगळूरच्या वातानुकूलित कार्यालयांसाठी लिहिलेले नियम म्हापसा-मडगावच्या हवेस जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे स्थानिक कारागिराला अनुभवाने कळते.

आम्ही एकच बाजू मांडतो आहोत असे कोणी समजू नये. पडद्याची काच तडकली, आतील स्फटिक शाईसारखे पसरले, किंवा पॅनेलच्या कडेची सूक्ष्म जोडणी निखळून उभी रेषा कायमची उमटली, तर पॅनेल बदलण्यावाचून सहसा गत्यंतर नाही. यंत्र उघडणे हा खेळही नव्हे. बॅटरीची जोडणी प्रथम न काढता आत हात घालणारा मनुष्य फलक जाळून बसतो. लिथियमच्या बॅटरीला चुकून छिद्र पडले तर आग लागते. हमीच्या मुदतीत असलेले यंत्र प्रथम कंपनीकडेच नेले पाहिजे. सेवा केंद्रातील तो तरुणही आमच्या दृष्टीने खलनायक नाही. त्याच्यापुढे रांग असते, वरून आलेली कार्यपद्धती असते, आणि केबल हा सुटा भाग त्याच्या मागणीपत्रात असेलच असे नाही. त्याला 'असेंब्ली' मागवता येते, म्हणून तो असेंब्लीच सुचवतो. दोष त्या तरुणाचा नाही, दोष त्याला जे हत्यार दिले गेले त्याचा आहे.

आणि हे हत्यार जाणूनबुजून तसे घडवले जाते काय, हा खरा प्रश्न आहे. अॅपलसारख्या जगद्विख्यात कंपनीच्या २०१६ च्या मॅकबुक प्रो संगणकांचे उदाहरण बोलके आहे. त्यांतील पडद्याकडे जाणारी लवचीक केबल झाकणाच्या उघडमिटीने झिजू लागली. आधी पडद्याच्या तळाशी रंगमंचावरील दिव्यांसारखे उजेडाचे कवडसे दिसत, मग प्रकाश पार जाई. ही केबल पडद्याशी अशी एकजीव केलेली होती की ती वेगळी बदलता येत नसे. एका पट्टीपायी संपूर्ण पडदा बदलणे भाग पडे. २०१८ च्या यंत्रांत तीच केबल सुमारे दोन मिलिमीटर लांब असल्याचे दुरुस्तीक्षेत्रातील अभ्यासकांनी उघडून दाखवले. अखेर मे २०१९ मध्ये कंपनीने १३ इंची यंत्रांसाठी विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. दोन मिलिमीटरांचा हा धडा आहे. सुटा भाग सुटा ठेवला असता तर ग्राहकाचे दुखणे किरकोळ ठरले असते.

या प्रश्नाला कायद्याची बाजूही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात, सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र कारागिरांना न देणे हे स्पर्धेला मारक असल्याचे म्हटले होते. मोटारीला जे लागू, ते लॅपटॉपला का लागू नसावे? केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मोबाईल व इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणे किती सोपे हे दर्शविणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये सरकारला सादर झाला. फ्रान्समध्ये असा दहापैकी गुण देणारा निर्देशांक १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि त्यात लॅपटॉपचाही समावेश होता. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत करून सदस्यराष्ट्रांना ३१ जुलै २०२६ ची मुदत घालून दिली. आपल्याकडील पावले योग्य दिशेने पडली आहेत, हे मान्य करावयास हवे. परंतु संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे आणि अहवाल म्हणजे कायदा नव्हे. स्वतःहून माहिती देण्याच्या कंपन्यांच्या सौजन्यावर विसंबून डिचोलीच्या त्या ट्रकचालकाचे पंधरा हजार रुपये वाचणार नाहीत.

शिवाय केबलसाठी फेकलेला लॅपटॉप कोठे जातो? इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले आणि पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली, हे उत्तमच झाले. तथापि पुनर्प्रक्रिया हा अखेरचा संस्कार आहे. दुरुस्ती हे जीवनदान आहे. ज्या जुन्या यंत्रांत नळीचे दिवे आहेत त्यांत पारा असतो. असा पारा कुळागरांच्या आणि खाजनांच्या या चिमुकल्या राज्यात कोणत्या ओहोळात उतरावा अशी आपली इच्छा आहे?

सुदैवाने राज्याच्या हाती करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देण्याचे धोरण गोव्याने 'सायबरएज' योजनेद्वारे इतर अनेक राज्यांच्या आधी स्वीकारले. देणाऱ्यानेच दुरुस्तीचीही चिंता वाहिली पाहिजे. शाळा, महाविद्यालये आणि सरकारी खाती यांच्यासाठी यंत्रे खरेदी करताना निविदेतच अट घालावी. केबल, बिजागरी, बॅटरी, पॅनेल हे भाग निदान पाच वर्षे सुटे मिळतील, आणि दुरुस्तीची पुस्तिका कोणाही तंत्रज्ञास उपलब्ध असेल, अशी ती अट असावी. सरकार हा मोठा ग्राहक आहे. त्याच्या अटीपुढे कंपन्या वाकतात. दुसरे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून भाग बदलणारे हात नव्हेत, दोष शोधणारी डोकी तयार व्हावीत. मल्टिमीटर हाती धरून मुख्य फलकावरील उडालेला बारीकसा फ्यूज शोधणारा तरुण उद्या परदेशी नोकरीच्या रांगेत उभा न राहता म्हापशात, फोंड्यात, काणकोणात चार पैसे सन्मानाने मिळवील.

ग्राहकानेही आपली सवय बदलली पाहिजे. डॉक्टरने शस्त्रक्रिया सुचवली की आपण दुसऱ्याचे मत घेतो. यंत्राच्या बाबतीत मात्र पहिल्याच शब्दावर मान तुकवतो. नेमका कोणता भाग बिघडला, तो कोणत्या परीक्षेने ठरवला, हे लेखी मागा. बदललेला जुना भाग परत मागा. यंत्र देण्यापूर्वी आतील कामाची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. उडवाउडवीची उत्तरे मिळाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवा. एवढे प्रश्न शंभर ग्राहकांनी विचारले तर एकशेएकाव्याला उत्तर न विचारता मिळेल.

एके काळी आपल्या गावांत कल्हईवाला येई, छत्री दुरुस्त करणारा येई, घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेला असे. त्या पिढीला गरिबीने काटकसर शिकवली असे आपण म्हणतो. तिच्यात वस्तूविषयीची कृतज्ञताही होती. नवे घेण्यास आमचा विरोध नाही. विरोध आहे तो जुने तपासण्याआधीच फेकावयास लावणाऱ्या व्यवस्थेला. डिचोलीच्या त्या मुलीचा पडदा पुन्हा उजळला, कारण तिला योगायोगाने एक जाणता कारागीर भेटला. गोरगरिबांच्या मुलांचे शिक्षण योगायोगावर सोपवावयाचे काय, याचे उत्तर राज्यकर्त्यांनी द्यावयाचे आहे.